एकच चादर, शंभर दुकानदार

खरेदीच्या कुठल्याही मोठ्या अ‍ॅपवर ‘सोलापुरी चादर’ असं टाकून पाहा. बोटाने दोन-तीनदा वर सरकवेपर्यंत चाळीसेक चादरी डोळ्यांखालून जातात. त्यातल्या बऱ्याच जणींचा फोटोसुद्धा एकच असतो. तीच घडी, तीच सावली, कोपऱ्यात तोच अर्धवट दिसणारा पलंग. दुकानाचं नाव तेवढं वेगळं आणि किंमत पाच-दहा रुपयांनी इकडे-तिकडे.

ग्राहक म्हणतो, बरं झालं, विकणारे वाढले, वस्तू स्वस्त झाली. विक्रेत्याला विचारा. तो म्हणतो, पार्सलं दुप्पट जातात, पण महिनाअखेरीला हाताला काही लागत नाही. दोघंही खरंच सांगताहेत. मग ग्राहकाच्या खिशातून निघालेले आणि विक्रेत्याच्या खिशात न पोचलेले पैसे मध्ये कुठे थांबतात? ऑनलाइन विक्रेत्यांची स्पर्धा समजून घ्यायची असेल तर या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला तरी पुरतं.

आधी एक गैरसमज दूर करू. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो ही आपल्याकडे दुकानं नाहीत. कायद्याने ती बाजाराची जागा आहेत, माल दुसऱ्यांचा. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने आधी स्वतः माल विकला आणि २००० सालाच्या सुमारास बाहेरच्या विक्रेत्यांना आपल्याच पानांवर जागा दिली. कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात याचे आकडे दिले होते. १९९९ मध्ये अ‍ॅमेझॉनवरच्या एकूण विक्रीत बाहेरच्या विक्रेत्यांचा वाटा ३ टक्के होता, २०१८ मध्ये तो ५८ टक्क्यांवर गेला. भारतात मात्र असा पर्यायच नव्हता. परदेशी भांडवल असलेल्या कंपनीला स्वतःचा साठा ठेवून ग्राहकाला ऑनलाइन माल विकायला परवानगी नाही. बाजार चालवायला आहे. म्हणून जून २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन इथे आलं ते पहिल्या दिवसापासून इतरांचा माल विकणारं म्हणूनच आलं. अशा कंपनीला वाढायचं तर दोनच गोष्टी वाढवाव्या लागतात, ग्राहक आणि विक्रेते.

विक्रेते वाढवणं सोपं निघालं. पॅन, बँकेचं खातं, जीएसटी क्रमांक आणि पार्सल उचलायला येणाऱ्या माणसासाठी एक पत्ता, एवढ्यावर दुकान उघडतं. पागडी नाही, भाडं नाही, गाळा नाही. पूर्वी जीएसटी क्रमांक हीच मोठी अडचण होती. एरवी ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, पण ऑनलाइन विकायचं म्हटलं की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून तीही सैल झाली. आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला आता ती सक्ती उरली नाही. राज्याबाहेर एक जरी पार्सल पाठवायचं असेल तर मात्र नोंदणी हवीच.

ज्या धंद्यात शिरायला दार एवढं रुंद, तिथे गर्दी होणारच. पण गर्दी हे अर्धंच कारण आहे. गावच्या पेठेतही चादरींची वीस दुकानं शेजारी-शेजारी असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. इथे वेगळं काय आहे?

न दिसणारी गल्ली

पुण्याच्या तुळशीबागेत कोपऱ्यावरचं दुकान कोपऱ्यावरच राहतं. आतल्या बोळातल्या दुकानदाराचं भाडं कमी असतं, त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं आणि चालत चालत माणूस तिथवर पोचतोच. आता अशी तुळशीबाग डोळ्यांसमोर आणा जिथे प्रत्येक गिऱ्हाईक शिरताना सगळी दुकानं जागा बदलतात, कोण तोंडाशी आणि कोण बोळात हे त्या क्षणी बागेचा मालक ठरवतो आणि तोंडाशी असलेल्या आठ-दहा दुकानांपुढे बहुतेक माणसं जातच नाहीत. ऑनलाइन बाजार तो हा. इथे माल मुबलक आहे, दुकानं मुबलक आहेत. टंचाई आहे ती फक्त गिऱ्हाइकाच्या नजरेची, आणि ती नजर ज्याच्या ताब्यात आहे तो ती विकतो.

ही नजर दोन तऱ्हांनी वाटली जाते.

पहिली तऱ्हा ब्रँडेड वस्तूंची. समजा एका कंपनीचा ठरावीक मिक्सर आहे. अ‍ॅमेझॉनवर त्या मिक्सरचं पान एकच असतं आणि तोच मिक्सर विकणारे पंधरा दुकानदार त्या एका पानाला जोडलेले असतात. पानावर ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण मात्र एकच. ते दाबलं की ऑर्डर पंधरांपैकी एकाला जाते. विक्रेते त्याला ‘बाय बॉक्स’ म्हणतात, आणि ‘आज बाय बॉक्स गेला’ हे वाक्य त्यांच्या तोंडी ‘आज शटर बंद’ या अर्थाने येतं. बाकीचे चौदा जण ‘इतर विक्रेते’ अशा बारीक अक्षरातल्या दुव्यामागे असतात. तुम्ही तो दुवा शेवटचा कधी उघडला होता?

बटण कोणाला द्यायचं हे संगणक ठरवतो. नेमकं सूत्र जाहीर नाही. पण कशावर भर असतो हे विक्रेत्यांना ठाऊक असतं आणि कंपन्याही ढोबळपणे सांगतात: वाहतुकीसह किंमत, माल किती लवकर पोचेल, साठा आहे का, ऑर्डर रद्द करण्याचं प्रमाण, तक्रारी. माल कंपनीच्याच गोदामात ठेवला तर लवकर पोचण्याची अट आपोआप जुळते. भिवंडीच्या नाशिक रस्त्यालगत मैलोन्‌मैल जी गोदामं उभी आहेत त्यांत असा कितीतरी विक्रेत्यांचा माल पडून असतो. गोदाम मुंबईच्या दाराशी, म्हणून पार्सल दुसऱ्या दिवशी. पार्सल दुसऱ्या दिवशी, म्हणून बटण मिळण्याची शक्यता जास्त. अर्थात गोदामाचं भाडं, माल उचलून बांधण्याचं शुल्क हे सगळं विक्रेत्याच्या नावावर पडतं.

उरतो किमतीचा मुद्दा. बटण एकच असल्यामुळे चार रुपयांनी स्वस्त असणाऱ्याला चार रुपयांचा फायदा मिळत नाही, जवळजवळ सगळी ऑर्डरच मिळते. म्हणून दुसरा पाच रुपयांनी उतरतो. आता तर हे काम माणूस करतही नाही. किंमत आपोआप बदलणारी सॉफ्टवेअर भाड्याने मिळतात. समोरच्याने एक रुपया कमी केला की आपले दोन रुपये कमी करा आणि अमुक किमतीखाली जाऊ नका, असं सांगून ठेवायचं. दोन विक्रेत्यांकडे असंच यंत्र असेल तर रात्रीत दोघांची किंमत तळाला टेकलेली असते. सकाळी उठून दोघं त्या तळावर माल विकत बसतात.

क्लिकचा लिलाव

दुसरी तऱ्हा आपल्या चादरीची. चादरीला सगळीकडे ओळखलं जाणारं ब्रँडनाव नसतं, त्यामुळे प्रत्येक विक्रेता स्वतःचं वेगळं पान करतो. तीच चादर एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून उचललेली असते, फोटोही व्यापाऱ्यानेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असतो. म्हणून एकच घडी चाळीस वेळा दिसते. इथे भांडण बटणाचं नसतं, शोधाच्या यादीत वर येण्याचं असतं. वर येण्याचा सरळ रस्ता विक्रीतून जातो. ज्याची चादर जास्त खपते, जिला चांगले अभिप्राय आहेत ती वर. नव्याने आलेल्याकडे यातलं काहीच नसतं. त्याच्यासाठी उरतो जाहिरातीचा रस्ता, म्हणजे ‘स्पॉन्सर्ड’ असं फिकट अक्षरात लिहिलेल्या जागा.

या जागा लिलावाने विकल्या जातात. तुम्ही ‘सोलापुरी चादर’ असं टाइप करून पडदा उघडेपर्यंतच्या क्षणभरात तो लिलाव होऊन गेलेला असतो. विक्रेत्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं की या शब्दावर कोणी माझ्या चादरीला बोट लावलं तर मी अमुक रुपये देईन. विकत घेतली तर नव्हे, नुसतं बोट लावलं तरी.

इथे थोडं थांबून हिशेब मांडू, कारण सगळी गोम त्यात आहे. आकडे समजुतीसाठी घेतलेत, प्रत्येक अ‍ॅपचे आणि मालाचे दर वेगळे असतात.

चादरीची किंमत ६९९ रुपये. त्यात ५ टक्के जीएसटी आहे, तो सरकारचा. विक्रेत्याचे राहिले ६६६. चादर घाऊकात ३८० ला पडली. अ‍ॅपचं कमिशन १० टक्के, म्हणजे ७०. प्रत्येक ऑर्डरमागे ठरलेलं शुल्क २५. वाहतूक ९५. पिशवी, टेप, लेबल मिळून १५. वजाबाकी केली की उरतात ८१ रुपये. वाईट नाही, असं वाटतं. (शुल्कांवर १८ टक्के जीएसटी लागतो तो वेगळा. तो पुढे वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतातच.)

आता जाहिरात. समजा चादरीवर बोट लावणाऱ्या पंधरा जणांपैकी एक जण ती घेतो. मग एका ऑर्डरसाठी पंधरा क्लिकचे पैसे मोजावे लागणार. क्लिकला सव्वापाच रुपये दिले तर ७९ रुपये गेले. म्हणजे सव्वापाचपर्यंत बोली लावली तर नफा जवळजवळ शून्य, पण तोटा नाही. आता असेच शंभर विक्रेते आहेत, सगळ्यांचा माल एकच, सगळ्यांचा हिशेब जवळपास सारखा. त्यांतला एक दोन रुपये बोलतो, दुसरा अडीच, तिसरा तीन. बोली कुठवर चढेल? जिथे नफा संपतो तिथवर. लिलाव नीट चालला तर तो शेवटच्या रुपयापर्यंत नफा काढून घेतो, कारण लिलाव असतोच त्यासाठी. विक्रेते जितके जास्त, तितकी बोली लवकर तिथे पोचते.

प्रत्यक्षात बोली त्याच्याही पुढे जाते. सहा रुपये क्लिक धरा, जाहिरातीतून आलेल्या प्रत्येक ऑर्डरला ९० रुपये खर्च, म्हणजे ९ रुपयांचा तोटा. तरी लोक लावतात. का? कारण त्या ऑर्डरने विक्री वाढते, अभिप्राय येतात, चादर यादीत आपोआप वर सरकते आणि पुढच्या ऑर्डरी जाहिरातीशिवाय मिळतात. निदान अशी आशा असते. समजा आशा खरी ठरली आणि निम्म्याच ऑर्डरी जाहिरातीतून आल्या. मग सरासरी जाहिरात खर्च ४५. हातात ३६ रुपये.

यात जुन्या विक्रेत्याचं पारडं जड असतं. त्याच्या चादरीला तीन हजार अभिप्राय आहेत, म्हणून पंधरांऐवजी आठांपैकी एक जण ती घेतो. त्याला एका ऑर्डरमागे आठच क्लिक लागतात. तो क्लिकला दहा रुपये बोलू शकतो आणि तरी त्याच्या हातात एक रुपया राहतो. नवा विक्रेता त्या भावाला बुडतो. म्हणून शंभर जण असले तरी वरच्या चार जागांवर फिरून फिरून तेच ते चेहरे दिसतात.

आणि अभिप्रायांना एवढी किंमत आली की ते विकतही मिळू लागतात. टेलिग्रामच्या गटांवर ‘पाच तारे द्या, पैसे परत घ्या’ अशी देवघेव उघड चालते. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानक काढलं, ते ऐच्छिक होतं. ऐच्छिक नियमाचं आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको.

परत आलेलं पार्सल

३६ रुपये अजून हाताला लागलेले नाहीत. शंभर पार्सलं गेली, त्यांतली समजा बारा परत आली. काही ग्राहकाने रंग आवडला नाही म्हणून परत केली. काही तर दारापर्यंत जाऊन तशीच वळली, कारण पैसे दारात द्यायचे होते आणि तोवर घेणाऱ्याचं मन बदललं होतं. या दुसऱ्या प्रकाराला धंद्यात ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. वाहनांच्या आरटीओशी त्याचा संबंध नाही, पण विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचा भाव तोच असतो. छोट्या गावांतून रोखीने पैसे देण्याची पद्धत अजून मोठी आहे, त्यामुळे हे टळत नाही. परत आलेल्या पार्सलामागे जाण्या-येण्याचे मिळून १५० रुपये धरले तर बारांचे १८०० झाले. ते उरलेल्या ८८ चादरींवर वाटले की प्रत्येकीवर वीसेक रुपये. हातात राहिले १५-१६. परत आलेल्या बारांवर झालेला जाहिरातीचा खर्च अजून मी धरलेलाच नाही. चादरीऐवजी जुनं फडकं परत आलं तर काय, हेही नाही.

आता समोरच्याने किंमत ६९९ वरून ६७९ केली. तुम्हीही केली, करावीच लागली. वीस रुपयांतले जीएसटी आणि कमिशनचे थोडे वाचले तरी सतरा रुपये कमी झाले. हिशेब शून्याखाली. ग्राहकाला मात्र चादर वीस रुपयांनी स्वस्त मिळाली.

मग सुरुवातीचा प्रश्न. ग्राहकाने दिलेल्या ६९९ रुपयांतले कमिशन, शुल्क, वाहतूक, जाहिरात मिळून सव्वादोनशेच्या पुढे गेले, परत आलेल्या पार्सलांचे वेगळे. विणणाऱ्याच्या आणि घाऊक व्यापाऱ्याच्या वाट्याचे ३८० जागच्या जागी राहिले, उलट त्यांच्यावरच ‘अजून दहा रुपये कमी करा’ असा दबाव. स्पर्धेने आटला तो विक्रेत्याचा वाटा. अ‍ॅमेझॉन ही जगभरात जाहिरातीतून किती कमावते हे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. २०२४ मध्ये तो आकडा ५६ अब्ज डॉलरच्या पुढे होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये सतरा राज्यांसह अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. त्यात आयोगाचा आरोप असा की सगळी शुल्कं धरली तर विक्रेत्याच्या दर दोन डॉलरमधला जवळजवळ एक कंपनीकडे जातो. अ‍ॅमेझॉनला हे मान्य नाही, आणि गोदाम-वाहतूक ही सेवा आहे, नुसती वसुली नाही, हा तिचा मुद्दा अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही. नागपूरच्या माणसाने घरबसल्या कोइंबतूरला चादर विकावी हे वीस वर्षांपूर्वी शक्य नव्हतं.

हे लक्षात आलं की ‘शून्य कमिशन’चं कोडंही सुटतं. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांचं कमिशन शून्यावर आणलं. अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या सव्वा कोटीच्या आसपास वस्तूंवरचं कमिशन काढलं. फ्लिपकार्टने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १००० रुपयांखालच्या मालासाठी तसंच जाहीर केलं. बातम्यांमध्ये हे विक्रेत्यांना दिलासा म्हणून आलं. थोडा आहेही. पण मीशोची कमाई प्रामुख्याने वाहतूक आणि जाहिरातीतून होते. दारावरचं तिकीट काढलं की आत येणारे वाढतात, आत येणारे वाढले की नजरेचा लिलाव तापतो. वरच्या हिशेबात कमिशनचे ७० रुपये वाचले असं समजा. शंभर विक्रेत्यांचे एकाच वेळी वाचले, म्हणजे प्रत्येकाची बोली लावायची ताकद एकाच वेळी वाढली. त्यातले किती रुपये महिन्याभराने विक्रेत्याच्या खिशात असतील?

वाहतुकीचा एक छुपा पदर जाता जाता सांगतो, कारण नवे विक्रेते हमखास यात ठेचकाळतात. पार्सलाचं भाडं नुसत्या वजनावर ठरत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५००० ने भागायचं आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच किलो म्हणून धरायचा. ४० बाय ३० बाय १० चं चादरीचं खोकं काट्यावर सव्वा किलो भरतं, भाडं २.४ किलोचं लागतं. मालाला भाव मिळवण्यासाठी जेवढी घासाघीस होते तेवढीच या खोक्याची उंची दोन सेंटिमीटरने कमी करण्यासाठी होते.

घरचा विक्रेता

आतापर्यंत आपण धरून चाललो की बागेचा मालक तटस्थ आहे. विक्रेत्यांचा जुना राग इथेच आहे. फ्लिपकार्टवर अनेक वर्षं डब्ल्यूएस रिटेल हा एकच विक्रेता सगळ्यात मोठा होता. अ‍ॅमेझॉनवर क्लाउडटेल होता, नारायण मूर्तींच्या कॅटामरान या संस्थेची आणि अ‍ॅमेझॉनची भागीदारी. ज्याची बाजाराच्या मालकाशी भागीदारी, त्याला बटण जास्त वेळा मिळत असेल तर आश्चर्य वाटायला नको, अशी बाकीच्यांची तक्रार. सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये नियम कडक केले, ते १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. बाजार चालवणाऱ्या कंपनीचा ज्या विक्रेत्यात भांडवली हिस्सा आहे त्याला त्याच बाजारात विकायला बंदी. शिवाय एखादा विक्रेता आपल्या खरेदीतला २५ टक्क्यांहून जास्त माल त्या कंपनीच्या गटाकडूनच घेत असेल तर तो माल कंपनीचाच समजायचा. अ‍ॅमेझॉनने क्लाउडटेलमधला आपला हिस्सा आधी कमी करून पाहिला, शेवटी २०२२ मध्ये क्लाउडटेलने गाशा गुंडाळला.

दरम्यान दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांची चौकशी लावली. काही निवडक विक्रेत्यांना झुकतं माप मिळतं असा निष्कर्ष चौकशी अधिकाऱ्यांनी २०२४ मध्ये काढल्याचं बातम्यांत आलं. कंपन्यांचं म्हणणं, आम्ही नियमांतच वागलो. प्रकरण वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून फिरत राहिलं. तोवर किती छोटे विक्रेते आले आणि गेले याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

मालक तटस्थ आहे की नाही याइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा: माल वाईट निघाला तर जबाबदार कोण? २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणासमोर प्रेशर कुकरचं प्रकरण आलं. आयएसआय मानकात न बसणारे २,२६५ कुकर अ‍ॅमेझॉनवरून विकले गेले होते. आम्ही फक्त बाजार आहोत, विक्रेता तिसराच, हा युक्तिवाद प्राधिकरणाने मानला नाही. कारण सोपं होतं: त्या कुकरांवर अ‍ॅमेझॉनला ६ लाख १४ हजार रुपयांच्या वर शुल्क मिळालं होतं. भागाकार करा, कुकरमागे २७१ रुपये. नफा घेताना हात पुढे आणि जबाबदारी आली की हात मागे, असं चालणार नाही, असा एकूण रोख. दंड झाला १ लाख, आणि ग्राहकांना पैसे परत करायला सांगितलं. आपल्या विषयाशी त्याचा संबंध असा की मानकाचा खर्च टाळणारा विक्रेता स्वस्तात विकू शकतो, आणि एक बटण, एक यादी असलेल्या बाजारात स्वस्त विकणारा वर येतो. नियम पाळणारा खाली जातो, त्याची चूक काही नसताना.

नाव कोणाचं

याचंच सगळ्यात बोचरं उदाहरण कोल्हापुरी चप्पल. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांत पारंपरिक पद्धतीने बनलेली तीच कोल्हापुरी. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, हाताची शिलाई, कातड्याचीच वेणी. एक जोड व्हायला वेळ लागतो आणि त्याची किंमत त्या वेळेची असते.

अ‍ॅपवर ‘कोल्हापुरी’ टाका. दोनशे-अडीचशे रुपयांना रेक्झिनच्या चपला रांगेने येतात. शीर्षकात कोल्हापुरी, वर्णनात कोल्हापुरी, साहित्याच्या रकान्यात बारीक अक्षरात ‘सिंथेटिक’. शोधयंत्राला कातडं कळत नाही, शब्द कळतो. आणि जाहिरातीच्या लिलावात ‘कोल्हापुरी’ हा शब्द कोणीही विकत घेऊ शकतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्या नावाला किंमत आणली त्यांनाच आता त्या नावावर दिसण्यासाठी रेक्झिनवाल्यापेक्षा मोठी बोली लावावी लागते. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला. तो रास्तच होता. पण प्राडाने नाव न घेता चप्पल घेतली, आणि अ‍ॅपवर रोज चप्पल नसताना नाव घेतलं जातं. कारागिराच्या पोटावर यातलं काय जास्त येतं हे कोल्हापुरात जाऊन विचारण्यासारखं आहे. सोलापूरचे चादरवालेही वर्षानुवर्षं हेच सांगतात, पानिपतकडची चादर सोलापुरी म्हणून खपते.

मानांकनाचा कायदा नावाच्या गैरवापराविरुद्ध दाद मागू देतो, पण हजारो पानांवर एकेक तक्रार करायला माणूस कुठून आणायचा? एक पान काढलं की दुसऱ्या दुकानाच्या नावाने तेच पान परत येतं. लिडकॉम या राज्य सरकारच्या चर्मोद्योग महामंडळाने अस्सल जोडावर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे. चप्पल हातात घेतल्यावर तो उपयोगी. पडद्यावरच्या यादीत तो दिसत नाही, तोवर लढाई होऊन गेलेली असते.

मग टिकतात कोण? जे मी पाहतो त्यावरून, तीन तऱ्हेचे लोक. स्वतः बनवणारे, म्हणजे ज्यांचे ३८० रुपये दुसऱ्याला जात नाहीत. दुसरे, असा माल विकणारे ज्याची नक्कल चार दिवसांत होत नाही. आणि तिसरे, ज्यांचं अ‍ॅपबाहेर गिऱ्हाईक आहे: इन्स्टाग्रामवर पैठणी दाखवून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणाऱ्या येवल्याच्या किंवा ठाण्याच्या बायका अ‍ॅपवरही असतात, पण नव्या गिऱ्हाइकाला तोंड दाखवण्यापुरत्या. घाऊकातून आणून, फोटो चिकटवून विकणारा मधला माणूस मात्र सगळ्यात अडचणीत आहे, आणि ‘घरबसल्या महिन्याला लाख कमवा’ असे शिकवणी-वर्ग चालतात ते नेमके हाच धंदा शिकवतात.

सरकारच्या पाठिंब्याने आलेल्या ओएनडीसी या ऑनलाइन व्यापाराच्या जाळ्याचा विचार वेगळा होता. एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत त्याची चाचणी सुरू झाली. विक्रेत्याचं अ‍ॅप वेगळं, ग्राहकाचं वेगळं, मध्ये खुलं जाळं, म्हणजे कोणा एकाच्या बाजारात अडकायला नको. कल्पना चांगली आहे. पण ग्राहकाच्या हातातल्या पडद्याची उंची तेवढीच राहते, आणि त्यावर आधी कोणाला दाखवायचं हे कोणीतरी ठरवणारच.

दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या अ‍ॅपनी तर प्रश्नच बदलून टाकला आहे. गल्लीतल्या त्यांच्या छोट्या गोदामात एका वस्तूच्या तीन-चार ब्रँडपुरतीच जागा असते. ब्लिंकिटची मालक कंपनी इटर्नल हिने २०२५ मध्ये परदेशी भागीदारी ४९.५ टक्क्यांवर रोखली. त्यामुळे भारतीय मालकीची कंपनी म्हणून ब्लिंकिटला स्वतःचा माल ठेवून विकण्याची वाट मोकळी झाली, आणि त्या वाटेने ते निघालेही. तिथे शंभर विक्रेते एका बटणासाठी भांडत नाहीत. खरेदी विभागातला एक जण चार नावं निवडतो. बाकीच्या शहाण्णव जणांना बोली लावायला यादीच नसते.